घोड्याच्या सांध्यातलं पाणी काढताना वारंवार येणाऱ्या अडचणी: कोरडी सुई, रक्त आणि न जुळणारा रिपोर्ट

पावसाळ्यात पुण्यात घोडे वाढतात. मुंबईचा रेसचा हंगाम संपलेला असतो, कॅम्पातल्या रेसकोर्सवर पुण्याचा सुरू होतो. त्या घोड्यांना घोड्यांचेच डॉक्टर असतात, त्यामुळे त्यांची मला काळजी नाही. हे लिहितो आहे ते शहराबाहेरच्या रायडिंग स्कूलमधले घोडे, वरातीचे घोडे, दौंड-बारामतीकडे धनगरांच्या कळपाबरोबर चालणारी भीमथडी तट्टं आणि लहान पागांमधली शिंगरं यांच्यासाठी. तिथे बोलावणं येतं ते एरवी गायी-म्हशी किंवा कुत्री पाहणाऱ्या डॉक्टरला, आणि लंगडणाऱ्या घोड्याच्या सांध्यातून सुईने काढलेल्या पाण्याचा नमुना तपासणीला जातो जवळच्या, माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. त्या रस्त्यावर हा नमुना ठरावीक ठिकाणी बिघडतो. तरुण सहकाऱ्यांचे फोनही त्याच चार-पाच तक्रारींचे असतात, म्हणून सगळं एकत्र मांडतो.

मालकांसाठी आधीच सांगतो: सांध्यात सुई घालणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. घोडा सांभाळणारा सईस कितीही जुना-जाणता असला तरी त्याने ते करू नये. निष्काळजीपणे टोचल्यास निरोगी सांध्यातही जंतू शिरतात, आणि तसा सडलेला सांधा घोड्याला कायमचा लंगडा करू शकतो.

पुढचं सगळं ज्या आकड्यांवर उभं आहे ते असे. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळं, नितळ असतं. दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर एकतारी पाकासारखी तार निघते, साधारण अडीच ते पाच सेंटिमीटर. त्यात पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर १००० च्या आत, बहुतेकदा ५०० च्याही आत असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल (जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पेशी) १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि प्रथिनं प्रति डेसिलिटर २ ग्रॅमच्या आसपास किंवा खाली. जंतूंनी सडलेल्या सांध्यात पेशी ३०,००० च्या वर, न्यूट्रोफिल ८०-९० टक्क्यांच्या पुढे आणि प्रथिनं ४ ग्रॅमच्या वर जातात. मधला पट्टा मोठा आहे. तिथे आकडा एकटा काही सांगत नाही, घोडा सांगतो.

सुई आत आहे, पण काहीच येत नाही

सर्वांत जास्त फोन याचे. सांधा फुगलेला दिसतो, सुई अलगद आत गेलेली असते आणि सिरिंज कोरडी. अशा वेळी दांडा जोरात मागे ओढण्याचा मोह होतो, आणि तिथेच गणित चुकतं. सांध्याच्या अस्तराला मऊ झालरी असतात. जोराने ओढलं की झालर सुईच्या तोंडावर बसते आणि बूच लागतं. २० मिलिची सिरिंज ही चूक वाढवते. २ किंवा ५ मिलिची घ्या, ओढ अगदी हलकी ठेवा. तरीही आलं नाही तर ओढ पूर्ण सोडा, सुई जागच्या जागी पाव फेरी फिरवा, एखादा मिलिमीटर मागे घ्या आणि पुन्हा हलकेच ओढा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

झालरींचा सर्वांत जास्त त्रास फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या गाठीसारख्या सांध्याच्या) मागच्या कप्प्यात होतो. कॅनन हाड (फेटलॉकच्या वरचं नळीचं लांब हाड) आणि सस्पेन्सरी लिगामेंटची (फेटलॉकला मागून तोलून धरणाऱ्या पट्ट्याची) फांदी यांच्यामधली ती फुगीर जागा हाताला सहज लागते, म्हणून नवखा डॉक्टर तिथेच जातो. माझी पसंती वेगळी आहे. पाय उचलून फेटलॉक मुडपायचा, आणि बाहेरच्या बाजूने सेसमॉइड हाड (फेटलॉकच्या मागचं छोटं हाड) व कॅनन हाड यांच्यामधल्या खाचेतून, त्या दोन हाडांना जोडणाऱ्या लिगामेंटमधूनच सुई घालायची. मुडपल्यावर खाच उघडते, झालरी वाटेत कमी येतात आणि रक्तही कमी लागतं. एकदा हात बसला की तुम्ही मागच्या कप्प्याकडे क्वचितच जाल.

पुढच्या पायाचा गुडघाही मुडपूनच करा. समोरून जाणाऱ्या जाड एक्स्टेन्सर स्नायुबंधाच्या आतल्या बाजूला दोन खळगे लागतात, वरचा वरच्या सांध्याचा आणि खालचा मधल्या सांध्याचा. हे दोन सांधे एकमेकांना जोडलेले नाहीत. मधला मात्र त्याच्या खालच्या सांध्याशी जोडलेला असतो. त्यामुळे कुठल्या खळग्यातून पाणी घेतलं ते नलिकेवर लिहिलं नसेल तर नुसत्या ‘गुडघा’ या शब्दाचा पुढच्या डॉक्टरला उपयोग नाही.

हॉकचा (मागच्या पायाच्या घोट्याचा) वरचा मोठा सांधा सर्वांत सोपा. घोडा चारी पायांवर उभा असताना, पुढच्या-आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली. तिथून सॅफिनस शिरेची फांदी जाते. ती आधी बोटाने चाचपा आणि तिच्या एका अंगाने आत जा. हॉकच्या खालच्या दोन चिंचोळ्या सांध्यांतून मात्र पाणी आलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. निरोगी असताना तिथे पाणी इतकं थोडं असतं की सुई बरोबर जागी असूनही थेंब येत नाही.

सुईची जाडीही पाहा. फेटलॉक, गुडघा, हॉक यांना २० गेजची एक ते दीड इंचाची सुई पुरते. पाणी दाट असेल किंवा फायब्रिनच्या (गोठलेल्या प्रथिनाच्या) गुठळ्या असतील तर त्याहून जाड, १८ गेजची घ्या. सुई आधी एकटीच घाला, सिरिंज नंतर जोडा. घोड्याने पाय झटकला तर जोडलेली सिरिंज सुईला तरफ देते. सुई वाकते, कधी कूर्चेला ओरखडा जातो. सुई आत असताना सहकाऱ्याने सांध्याचा विरुद्ध बाजूचा कप्पा तळव्याने दाबला तर पाणी सुईकडे ढकललं जातं. अल्ट्रासाउंड यंत्र असेल तर आधी ते लावा. फुगवटा पाण्याचा आहे, जाड झालेल्या अस्तराचा आहे की नुसती त्वचेखालची सूज आहे, हे तिथेच कळेल.

सांध्याजवळ जखम असताना सुई कोरडी आली तर ती वेगळ्या नजरेने पाहा. सांधा उघडा पडला असेल तर पाणी जखमेतूनच वाहून गेलेलं असतं. अशा वेळी जखमेपासून दूर, निरोगी त्वचेतून सुई घालून निर्जंतुक सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट हळूहळू आत सोडा आणि जखमेकडे लक्ष ठेवा. तिथून पाझरलं तर निदान झालं, रिपोर्टची वाट पाहायची नाही. मात्र आधी एक थेंब जरी पाणी मिळालं तरी तो काचपट्टीवर घ्या. सलाइन गेल्यावर मोजणी आणि प्रथिनं यांना अर्थ उरत नाही. पेशींच्या प्रकारांचं प्रमाण आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) एवढंच वापरता येतं.

पाणी आलं, पण ते सांध्याचं आहे का?

ही तक्रार कोणी करत नाही, कारण चूक लक्षातच येत नाही. फेटलॉकच्या मागे दोन वेगवेगळ्या पिशव्या फुगतात. एक सांध्याची, सस्पेन्सरीच्या फांदीच्या पुढे, हाडाला लागून. दुसरी फ्लेक्सर स्नायुबंधाच्या आवरणाची, फांदीच्या मागे. दोन्हींतलं पाणी दिसायला सारखंच. हॉकलाही तसंच: पुढच्या-आतल्या बाजूचा फुगवटा सांध्याचा, टाचेच्या हाडाच्या पुढे दोन्ही अंगांना दिसणारा फुगवटा बहुतेकदा आवरणाचा. लंगडणं एका पिशवीमुळे आणि नमुना दुसऱ्या पिशवीतून, असं झालं की रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घोडा लंगडतच राहतो. सुई घालण्याआधी सस्पेन्सरीची फांदी बोटाखाली धरा, मग पुढे की मागे हा प्रश्न उरत नाही.

चिखल, कातडी आणि घोड्याचं अंग

जुलै-ऑगस्टमध्ये पागेत गेलात तर पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले असतात, आणि खुराच्या वरची कातडी ओल्याने फाटून खपल्या धरलेली असते. अशा कातडीतून, किंवा गरम, सुजलेल्या, दाबल्यावर खळगा पडणाऱ्या भागातून सुई कधीही घालू नका. बाहेरचे जंतू तुमच्याच सुईवर बसून आत जातील. दुसरी वाट शोधा. फेटलॉकला पुढून, मागून आणि बाजूने अशा वाटा आहेत, त्यांतली एखादी तरी बहुधा स्वच्छ सापडते.

पाय आधी पाण्याने धुवून कोरडा करा. केस आखूड आणि स्वच्छ असतील तर कापलेच पाहिजेत असं नाही. लांब, चिखलाने चिकटलेले असतील तर क्लिपरने कापा. वस्तरा नको, त्याने कातडीवर बारीक ओरखडे पडतात. नंतर क्लोरहेक्झिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या स्क्रबने घड्याळ लावून पाच मिनिटं घासा, मग स्पिरिटने पुसा. निर्जंतुक हातमोजे घालूनच सुईला हात लावा. पागेत शेण, माश्या, वारा सगळं असतं, म्हणून जागा निवडा: आडोसा, कोरडी जमीन, पंखा बंद.

घोडा हलला की सगळीच मेहनत वाया जाते. बहुतेक घोड्यांना हलकी झायलाझीन (गुंगीचं औषध) आणि नाकाला ट्विच (ओठ आवळून घोडा स्थिर ठेवायचा फास) पुरते. पण भूल दिलेला घोडाही लाथ मारतो, तीही पूर्वसूचनेशिवाय. सईसला डॉक्टर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला डोक्याशी उभं करा, म्हणजे डोकं त्या बाजूला ओढलं की मागचा भाग डॉक्टरपासून दूर जातो. शर्यतीच्या घोड्याला भूल किंवा सांध्यात कुठलंही औषध देण्याआधी शर्यतीचे औषधांविषयीचे नियम तपासा, शर्यतीआधी किती दिवस औषध बंद हवं ते औषधागणिक बदलतं.

रक्तच येतंय

आधी पाहा, रक्त कसं आलं. पाणी पिवळं येत होतं आणि मधेच लाल रेघ शिरली, तर ती सुईने फोडलेली बारीक रक्तवाहिनी. तिथेच थांबा, सिरिंज बदला. पहिल्या स्वच्छ सिरिंजमधलं पाणी तपासणीला पाठवा, दुसरीतलं नको. पहिल्या थेंबापासून सगळं एकसारखं लाल किंवा नारिंगी-पिवळसर असेल, तर रक्तस्राव आधीचा असण्याची शक्यता जास्त, आणि ती रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखी गोष्ट आहे. काचपट्टीवर लाल पेशी गिळलेल्या मोठ्या पेशी दिसल्या तर रक्त जुनं आहे.

‘रक्त मिसळलं म्हणून काउंट वाढला असेल’ हे वाक्य मी फार ऐकतो, आणि त्याने घोड्यांचं नुकसान झालेलं पाहिलं आहे. साधा हिशेब करा. घोड्याच्या रक्तातच पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर साधारण ६ ते १२ हजार असतात. सिरिंजमध्ये नुसतं रक्त भरलं असतं तरी आकडा त्याच्या वर गेला नसता. मग नमुन्यात ४०,००० आले असतील तर ते रक्तातून कसे येतील? थोड्या रक्ताचा परिणाम काढायचा असेल तर अंदाजे दर १००० लाल पेशींमागे एक पांढरी वजा करा. इतका तो परिणाम लहान असतो.

रिपोर्ट आणि घोडा जुळत नाहीत

माझ्या मते इथेच सर्वांत जास्त निदानं चुकतात, आणि सुई धरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. घोडा पाय टेकत नाही, सांधा गरम आहे, पाणी गढूळ आणि पातळ आहे, तार निघत नाही. लॅबचा आकडा येतो ८००. असा एक रिपोर्ट माझ्याकडे सल्ल्यासाठी आला होता. सुदैवाने त्या डॉक्टरने घोड्याजवळच काचपट्टी करून ठेवली होती. ती रंगवली तर एकेका दृश्यात न्यूट्रोफिलची गर्दी. चौकशी केल्यावर उलगडा झाला: मोजणी रक्तासाठीच्या नेहमीच्या डब्ल्यूबीसी डायल्यूटिंग फ्लुइडने (पांढऱ्या पेशी मोजण्याआधी नमुना विरळ करायच्या द्रावाने) केली होती. त्यात ॲसेटिक ॲसिड असतं. सांध्याच्या पाण्याला चिकटपणा देणारं हायलुरोनिक ॲसिड आणि प्रथिनं यांना ॲसिड लागलं की त्यांचा गोळा बनतो, पेशी त्यात अडकतात, आणि मोजणीच्या चौकटीत (न्यूबॉअर चेंबर, म्हणजे रेघा आखलेली काच) उरतात त्या थोड्याच. टेक्निशियनची यात चूक नाही. त्याच्याकडे दिवसभर रक्ताचेच नमुने येतात.

म्हणून नमुना पाठवताना फॉर्मवर ठळक लिहा आणि फोनही करा: ‘घोड्याच्या सांध्याचं पाणी आहे, मोजणी हाताने, नॉर्मल सलाइनमध्ये विरळ करून न्यूबॉअर चेंबरवर करा, ॲसेटिक ॲसिड नको.’ ऑटोमेटेड यंत्रावर दाट नमुना थेट घातला तर नळी तुंबते किंवा आकडा चुकतो. यंत्रच वापरायचं असेल तर नमुन्यात हायलुरोनिडेझची चिमूटभर पूड मिसळून काही मिनिटं ठेवावी, पाणी पातळ होतं. डोळ्यांचे सर्जन भूल पसरवायला वापरतात तेच औषध, मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाच्या गुडघ्याची असते. तिच्याकडे न पाहता वर दिलेले आकडे वापरा.

नलिकांचंही तसंच. पेशी आणि प्रथिनांसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) नलिका. निरोगी पाणी गोठत नाही, पण सुजलेल्या सांध्यात फायब्रिनोजेन शिरलेलं असतं, त्यामुळे साध्या नलिकेत गुठळी होते आणि पेशी तिच्यात जातात. ईडीटीए नलिका मात्र खुणेपर्यंत भरा. ३ मिलिच्या नलिकेत अर्धा मिलि टाकला तर ईडीटीएचं प्रमाण जास्त होतं, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रथिनं मोजायच्या उपकरणावर) प्रथिनं खोटी वाढलेली दिसतात. पाणी थोडंच मिळालं असेल तर लहान मुलांसाठीची छोटी नलिका वापरा.

काचपट्टी घोड्याजवळच करा, लॅबवर सोडू नका. बारामतीहून पुण्याला नमुना पोहोचेपर्यंत पेशी फुगतात, फुटतात, आणि मग बिघडलेली न्यूट्रोफिल कुठली व नुसती जुनी झालेली कुठली हे कोणालाच सांगता येत नाही. दोन-तीन पट्ट्या करा. पावसाळी हवेत त्या लवकर वाळत नाहीत आणि हळू वाळलेल्या पट्टीवर पेशी आक्रसतात, म्हणून हवेत झपाझप हलवा किंवा केस वाळवायच्या यंत्राची गार हवा लांबून द्या. आणि त्या पट्ट्या फॉर्मलीनच्या बाटलीसोबत एका डब्यात कधीच ठेवू नका. बंद झाकणातूनही वाफ निघते आणि लीशमन रंग (पेशी रंगवायचा रंग) नीट बसत नाही. ईडीटीए नलिका बर्फाच्या पिशवीजवळ ठेवा, पण मधे कापडाची घडी असू द्या. थेट बर्फाला लागून नमुना गोठला तर पेशी फुटल्या.

दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्याचा आकडा पहिल्याशी ताडताना सावध राहा. आधीच्या सुईनेच सांधा थोडा चिडतो. आत औषध सोडलं असेल किंवा सांधा धुतला असेल तर पेशी आणि प्रथिनं दोन्ही काही दिवस वाढलेली राहतात. अशा वेळी घोडा पाय किती टेकतो, हे मला आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. रक्तातल्या सीरम अमायलॉइड ए ची (शरीरात दाह असताना वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करता आली तर तिचा चढ-उतारही मदतीला येतो.

कल्चर ‘नो ग्रोथ’

जंतू न वाढणं म्हणजे जंतू नसणं, असा अर्थ घेऊ नका. खरोखर सडलेल्या सांध्यांतूनही पुष्कळदा काही वाढत नाही, कारण जंतू अस्तरात आणि फायब्रिनमध्ये दडून बसतात. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्या. कल्चरला ईडीटीएचा नमुना पाठवू नका, ते जंतूंची वाढ दाबतं. नुसत्या स्वॅबपेक्षा पाणी थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत घालणं कितीतरी चांगलं. एक-दोन मिलिच असेल तर लहान मुलांची बाटली घ्या. रबरी बूच स्पिरिटने पुसून वाळू द्या, मग टोचा. आणि ती बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. ईडीटीए नलिका गार, कल्चरची बाटली खोलीच्या तापमानाला. हे दोन्ही एकाच बर्फाच्या डब्यात घातलेले मी वारंवार पाहतो.

शिंगरांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. जन्मल्यापासून काही आठवड्यांच्या आतलं शिंगरू अचानक लंगडू लागलं की पागेत पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘घोडीचा पाय पडला असेल.’ कधी पडलेलाही असतो. पण बेंबीतून किंवा आतड्यातून रक्तात गेलेले जंतू सांध्यात उतरले असण्याची शक्यता आधी मोडून काढा, विशेषतः चीक वेळेवर प्यायलं नसेल तर. सगळे सांधे हाताने तपासा, कारण एकापेक्षा जास्त सांधे धरलेले असू शकतात. त्याच दिवशी पाणी काढा. दोन दिवस मलम चोळून पाहू, असं करण्यात कूर्चा आणि हाडाची वाढ दोन्ही हातची जातात.

मोठ्या घोड्यातही पाणी गढूळ, पातळ, पट्टीवर न्यूट्रोफिलची गर्दी असं असेल तर कल्चरच्या अहवालासाठी थांबू नका. अँटिबायोटिक सुरू करा आणि सांधा धुण्याची सोय असलेल्या ठिकाणी घोडा हलवायची व्यवस्था त्याच संध्याकाळी लावा. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाशी किंवा घोड्यांच्या अनुभवी सर्जनशी निघण्याआधी बोला, म्हणजे जागा, माणसं आणि भुलीची तयारी आहे का ते कळेल.

सुई काढल्यानंतर

निर्जंतुक गॉज दाबून धरा, जिथे बांधता येईल तिथे पट्टी बांधा, एक-दोन दिवस घोडा पागेतच कोरड्या अंथरुणावर ठेवा. सईसला स्पष्ट सांगा की पट्टी भिजली तर बदलायची, आणि पायावर पाण्याचा पाइप मारायचा नाही. सांध्यात औषध सोडलं असेल तर पहिल्या दिवसात थोडी सूज आणि लंगड येऊ शकते, ती बहुधा लवकर उतरते. एक ते तीन दिवसांत लंगड वाढत गेली, पाय टेकणं बंद झालं, सांधा तापला, तर ती साधी चिडचिड समजू नका. स्टेरॉइड दिलं असेल तर हीच लक्षणं दबून आठवडा-दोन आठवड्यांनीही दिसतात, म्हणून सईसला तेवढे दिवस रोज सकाळी घोडा चालवून पाहायला सांगा आणि फरक दिसताच, रात्र असली तरी, फोन करायला सांगा.